अ‍ॅनिमेतील जपानी आणि मराठी कान

कोल्हापुरातील महाविद्यालयीन मुलामुलींच्या तोंडी हल्ली काही जपानी शब्द रुळले आहेत. आश्चर्य वाटले की 'नानी?', काही मनास आले की 'सुगोई', कोणी मूर्खपणा केला की 'बाका', आभार मानावयाचे असले की 'आरिगातो'. हे शब्द त्यांनी कोणा पंतोजीकडून घेतलेले नाहीत. 'अ‍ॅनिमे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी चित्रमालिका रात्र रात्र पाहून ते त्यांच्या जिभेवर आपोआप बसले आहेत. घरातील वडील मंडळी या प्रकाराकडे दोन तऱ्हांनी पाहतात. काहींस हे सारे 'कार्टूनचे वेड' वाटते, व परीक्षा जवळ आली की ते उतरेल अशा आशेवर ती असतात. काहींस उलट असे वाटते की, पोराला आयतीच एक परकी भाषा येऊ लागली आहे. पुढेमागे जपानात नोकरीची सोय झाली तर बरेच. आमच्या मते दोन्ही समजुती घाईच्या आहेत. अ‍ॅनिमेतून जी जपानी कानी पडते ती कोणत्या जातीची भाषा आहे, ती आपल्यापर्यंत कोणाच्या मध्यस्थीने पोहोचते, आणि त्या मध्यस्थाने वाटेत काय काय सांडले आहे, याचा विचार फारसा होत नाही. तो येथे थोडासा करावयाचा आहे.

जपानशी मराठी माणसाचा परिचय काही आजचा नव्हे. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपत्रिका पडली आणि तिच्यापासून स्फूर्ती घेऊन १९१६ साली आपल्याकडे महिला विद्यापीठ निघाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढे शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणून रुजविला. 'तोत्तोचान' हे पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या भाषांतरामुळे मराठी पालकांच्या हाती आले. या व्यवहारात जपानचा विचार आला, काव्यप्रकार आला, शिक्षणाची दृष्टी आली. जपानी माणसाचा आवाज मात्र आला नव्हता. तो सामान्य मराठी घरात आला तो या चित्रांबरोबर, आणि तोही एकदम आला नाही. १९९३ साली दूरदर्शनवर मोगली दिसू लागला, तेव्हा ही चित्रे जपानी कलावंतांच्या हातची आहेत हे किती प्रेक्षकांस ठाऊक होते? २००५ साली डोरेमॉन आला व त्याच्या मागोमाग शिनचान आला. दोघेही हिंदी बोलत आले. म्हणून मराठी मुले डोरेमॉनपासून जपानी शिकली नाहीत, हिंदी शिकली. आणि नातवाने आजीपाशी हिंदीतून हट्ट धरावा हा चमत्कार पुष्कळ घरांतून दिसू लागला. ती मुले मोठी झाली, त्यांच्या कानी मूळ आवाज पडला, आणि मग त्यांस डबिंग नकोसे झाले. २०१९ साली माकोतो शिंकाई यांचा 'तेन्की नो को' हा चित्रपट येथील चित्रगृहांत लागावा म्हणून भारतातील चाहत्यांनी विनंतीपत्रावर सह्या जमविल्या, आणि तो लागलाही. मूळ जपानी आवाज व पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या इंग्रजी ओळी, ही आता या मंडळींत प्रतिष्ठेची रीत होऊन बसली आहे.

पडद्यावरची अक्षरे वाचण्याची सवय कोल्हापुरास नवी नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली 'सैरंध्री' काढला तेव्हा पात्रे काय बोलतात ते मजकुराच्या पाट्यांवरून समजून घ्यावे लागे. १९३२ साली 'प्रभात'ने याच गावी 'अयोध्येचा राजा' तयार करून पात्रांस वाचा दिली आणि त्या पाट्यांची गरज संपली. आता अक्षरे पुन्हा पडद्यावर आली आहेत, पण त्यांचे काम बदलले आहे. मूकपटात ती आवाजाच्या जागी होती. येथे आवाज आहेच, आणि अक्षरे त्यावर भाष्य करीत आहेत. हा भाष्यकार इंग्रजी बोलतो. मराठी मुलगा जपानी ऐकतो, इंग्रजी वाचतो, व वाचलेला अर्थ ऐकलेल्या शब्दास चिकटवितो. यात त्याची स्वतःची भाषा कोठेच येत नाही, आणि नेमकी तीच पुष्कळ ठिकाणी अधिक उपयोगी पडली असती.

एक उदाहरण घेऊ. बहुतेक प्रत्येक घरगुती कथेत हा प्रसंग येतो: मुलगा दप्तर घेऊन, बूट चढवून दाराशी उभा राहतो व मोठ्याने म्हणतो, "इत्तेकिमास!" आतून आई उत्तर देते, "इत्तेराश्शाइ!" तळाच्या इंग्रजी ओळीचा आशय 'मी निघालो' आणि 'बरे, सांभाळून' एवढाच असतो, आणि चाहता तेवढाच वहीत टिपून घेतो. वस्तुतः 'इत्ते' म्हणजे 'जाऊन' आणि 'किमास' म्हणजे 'येतो'. मराठी घरातून बाहेर पडणारा मनुष्यही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. चुकून कोणी 'जातो' म्हटलेच तर आजी त्याला उंबऱ्यावर अडवून 'येतो म्हणावं' असे बजावते. जपानी आईचे उत्तरही 'जाऊन ये' असेच आहे. संध्याकाळी तोच मुलगा परतला की 'तादाइमा' म्हणतो. त्याचा अक्षरार्थ 'आत्ताच' असा; म्हणजे 'हा बघ, आत्ताच आलो'. निघणाऱ्याच्या तोंडून परत येण्याचे वचन घ्यावयाचे, ही जी दोन्ही घरांतील हळवी समजूत, ती इंग्रजी ओळीत उतरत नाही. उतरावी अशी त्या ओळीकडून अपेक्षाही करता येत नाही, कारण तिच्या घरी ती चाल नाही. पण ज्या मुलाच्या घरी ती रोज पाळली जाते त्यानेही ती इंग्रजीतून, म्हणजे गाळून घ्यावी, हे चमत्कारिक नव्हे काय?

जेवणाचेही असेच. ताटावर बसताना हात जोडून पात्रे 'इतादाकिमास' म्हणतात. खाली ओळ येते, 'चला, जेवू या' अशा अर्थाची. ज्या क्रियापदापासून हा शब्द झाला त्याचा मूळ अर्थ डोक्यावर धरणे असा आहे. वरिष्ठाने दिलेली वस्तू मस्तकी लावून नम्रपणे स्वीकारावयाची. प्रसाद कपाळी लावून मग तोंडात टाकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. जेवण आटोपल्यावर म्हणावयाच्या 'गोचिसोसामा' या शब्दात 'चिसो' आहे. ती दोन चिनी अक्षरे, आणि दोहोंचा अर्थ धावणे. पाहुण्यासाठी सामान जमविताना यजमानाची जी धावपळ झाली तिची ही कृतज्ञ नोंद आहे. 'अन्नदाता सुखी भव' म्हणून ताटावरून उठणाऱ्या आपल्या आजोबांच्या तोंडी हा शब्द किती सहज बसला असता!

आणि 'योरोशिकु ओनेगाइशिमास'! नव्या वर्गात, नव्या शेजारात, नव्या कचेरीत पाऊल टाकताच पात्रे कमरेत वाकून हे वाक्य म्हणतात. इंग्रजी ओळीत कधी 'भेटून आनंद झाला' असते, कधी 'माझ्याकडे लक्ष असू द्या' असते, तर कधी नुसता नमस्कार असतो. एकाच वाक्याचे प्रत्येक भागात निराळे रूप पाहून नवशिका गोंधळतो. आमच्या जुन्या पत्रांच्या अखेरीस 'लोभ असावा, ही विनंती' असे लिहीत असत. 'योरोशिकु' म्हणजे बऱ्या रीतीने, 'ओनेगाइ' म्हणजे विनंती. आता पुढे काय स्पष्टीकरण करावयाचे? फरक असेल तर इतकाच की, जपान्यांचा लोभ ओळखीच्या आरंभी मागितला जातो व आमचा पत्राच्या शेवटी.

हे साम्य शब्दांच्या भावापुरते असते तर त्यास योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण वाक्याची घडणही पाहावी. हायाओ मियाझाकी यांच्या १९८४ सालच्या प्रसिद्ध चित्रपटाचे नाव 'काझे नो तानी नो नाउशिका'. 'काझे' म्हणजे वारा, 'तानी' म्हणजे खोरे, आणि 'नो' हा आमचा चा-ची-चे. 'वाऱ्याच्या खोऱ्यातली नाउशिका': शब्दामागून शब्द, त्याच क्रमाने. इंग्रजी नावात नायिका आधी, खोरे मग व वारा शेवटी, असा सारा क्रम उलटा करावा लागला आहे. १९८८ चा 'तोनारि नो तोतोरो' म्हणजे साधा 'शेजारचा तोतोरो'. इंग्रजीत त्याला 'माझा शेजारी' व्हावे लागले. क्रियापद शेवटी, विभक्तीचा प्रत्यय नामाच्या मागे, आणि वाक्य संपता संपता समोरच्याची संमती मागणारा 'ने', जो आमच्या 'ना'सारखाच लाडिक किंवा आग्रही होऊ शकतो. यावरून जपानी ही मराठीची दूरची बहीण आहे असे कोणी म्हणू लागेल तर ते मात्र वेडेपणाचे ठरेल. दोन्ही भाषांचे कूळ अगदी निराळे. पण शिकणारास कूळ नको असते, वाट हवी असते. आणि इंग्रजीतून जाणारी वाट येथे विनाकारण लांबची आहे.

उच्चारांतही आम्हांस एक गुप्त भांडवल मिळालेले आहे. जपानी 'त्सु' हा वर्ण इंग्रज व हिंदी भाषक दोघांसही शब्दाच्या आरंभी जड जातो. मराठी माणूस तो 'चूल' आणि 'चुना' म्हणताना दिवसातून अनेकदा काढतो. 'चहा'मधला च आणि 'चूल'मधला च हे निराळे आहेत हे त्याच्या जिभेला ठाऊक असते, लेखणीला नसते. तसाच 'काझे'मधला झ 'जग'मधल्या ज च्या अगदी जवळचा. रोमन अक्षरांतून शब्द पाठ करणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. सावधगिरीची जागा एकच, ती स्वरांच्या लांबीची. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा काकू. त्यातील 'बा' दुप्पट लांबविला की ती आजी होते. 'कावाईऽ' म्हणजे गोंडस, 'कोवाइ' म्हणजे भीतिदायक. तान्ह्या बाळाचे कौतुक करताना यांची अदलाबदल न झालेली बरी.

वर्णमालेची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. जपानी बालके 'आ इ उ ए ओ' आणि मग 'का सा ता ना हा मा या रा वा' या क्रमाने अक्षरे शिकतात. हा क्रम कोठून आला? बौद्ध मंत्रांचे उच्चार शुद्ध राहावेत म्हणून जपानी भिक्षूंनी सिद्धम् लिपीचा व तिच्याबरोबर संस्कृत वर्णक्रमाचा अभ्यास केला. नवव्या शतकाच्या आरंभी चीनमधून परतलेले आचार्य कूकाई हे या विद्येचे एक थोर प्रवर्तक. त्या अभ्यासाच्या छायेत जपानी अक्षरांची ही मांडणी घडली. 'सा' चवर्गाच्या जागी आहे, कारण त्याचा प्राचीन उच्चार चकाराच्या जवळचा होता. 'हा' पवर्गाच्या जागी आहे, कारण तो पूर्वी 'पा' होता. म्हणजे ज्या मुलाने पहिलीत क, च, ट, त, प घोकले त्याला हा तक्ता एका दुपारी पाठ व्हावा. 'नारुतो' पाहून 'चाकुरा' हा जपानी शब्द आहे असे समजणारा चाहता आम्ही पाहिला आहे. तो आपला 'चक्र'च. 'इनुयाशा' या नायकाच्या नावात 'इनु' म्हणजे कुत्रा आणि 'याशा' म्हणजे यक्ष. त्याचा वैरी 'नाराकु', म्हणजे नरक. 'एन्मा' हा यम. हे शब्द चीनमार्गे तेथे गेले, हजारबाराशे वर्षे राहिले, आणि आता वेष पालटून रोमन लिपीतून आमच्याच दारी उभे आहेत. आम्ही त्यांस ओळखत नाही इतकेच.

येथवर अ‍ॅनिमेच्या बाजूचे बोलणे झाले. आता दुसरी बाजू पाहिली पाहिजे, आणि ती अधिक नाजूक आहे. चाहता जे शिकतो ते जपानी खरेच, पण ते जपानी माणसांचे बोलणे नव्हे. जपानी पात्रांचे बोलणे आहे. वीराच्या तोंडी 'मी' साठी 'ओरे' असते, 'तू' साठी 'ओमाए' असते. संतापला की तो 'तेमे' किंवा 'किसामा' म्हणतो. वृद्ध पंडित स्वतःस 'वाशि' म्हणतो व वाक्याअखेर 'जा' लावतो. टोकियोच्या रस्त्यावरील वृद्ध असे बोलत नाहीत. सातोशी किन्सुइ या जपानी भाषाशास्त्रज्ञांनी, ज्यांचा या विषयावरील ग्रंथ २००३ साली निघाला, या प्रकारास 'याकुवारिगो' असे नाव दिले. आपण त्यास 'भूमिकेची भाषा' म्हणू. पडद्यावर पात्र येताच ते वृद्ध की तरुण, श्रीमंत की खेडवळ, हे प्रेक्षकास दोन शब्दांत कळावे यासाठी लेखकांनी पिढ्यानपिढ्या वापरून घट्ट केलेले हे साचे आहेत. ज्यांची म्हणून ही भाषा दाखविली जाते ती माणसे प्रत्यक्षात ती बोलत असतातच असे नाही.

हे समजण्यास कोल्हापूरकरास परदेशी ग्रंथाची गरज पडू नये. मराठी रंगभूमीने व चित्रपटाने त्याच्यावर हाच प्रयोग केला आहे. फेटा, मिशी, तांबडा-पांढरा रस्सा, आणि वाक्यागणिक 'रं' व 'लई': एवढे साहित्य जमविले की पडद्यावर कोल्हापूर उभे राहते. मालवणी गडी व अनुनासिक पुणेकर हेही त्याच कारखान्यातले. २०१६ पासून काही वर्षे 'तुझ्यात जीव रंगला' ही कोल्हापुरी पैलवानाची मालिका घरोघर पाहिली गेली, आणि तिच्यातील 'चालतंय की' हे पालुपद मुंबई-पुण्याच्या लोकांच्या तोंडी बसले. कोल्हापूरचा मनुष्य हे शब्द म्हणत नाही असे नाही, म्हणतो. पण केव्हा, कोणापाशी, कोणत्या सुरात, हे त्याला कळते. बाहेरचा पाहुणा येथील वयस्क प्राध्यापकांस पहिल्याच भेटीत 'काय भावा, चालतंय की' म्हणून पाठीवर थाप मारील तर काय होईल? प्राध्यापक बहुधा हसतील, पण त्या हसण्याचा अर्थ पाहुण्यास कळणार नाही. जपानी गृहस्थास 'ओमाए' म्हणणारा आमचा चाहता त्या पाहुण्याच्याच जागी उभा असतो. 'किसामा' या शब्दाची घडण तर 'थोर महाशय' अशा अर्थाची आहे आणि एके काळी तो खरोखरच आदराने वापरीत. झिजत झिजत तो शिवीच्या पंक्तीस जाऊन बसला. आमच्या 'शिष्ट' आणि 'महाभाग' या शब्दांची वाटचाल आठवली म्हणजे याचे नवल वाटत नाही.

'मी' आणि 'तू' यांचे हे प्रकरण किती खोल जाते याचा उत्तम नमुना शिंकाई यांच्याच २०१६ च्या 'किमि नो ना वा' या चित्रपटात आहे. त्यात डोंगरातल्या लहान गावची मुलगी मित्सुहा आणि टोकियोचा मुलगा ताकी यांची शरीरे झोपेत अदलाबदल होतात. ताकीच्या देहात जागी झालेली मित्सुहा शाळेची वाट चुकून उशिरा पोहोचते. मित्रांना काहीतरी सांगण्यासाठी ती तोंड उघडते व स्वतःस 'वाताशि' म्हणते. मित्र टकमका पाहू लागतात. ती घाबरून 'वाताकुशि' म्हणते, जे अधिकच औपचारिक. मग 'बोकु'; तरी त्यांच्या कपाळावरची आठी जात नाही. शेवटी ती 'ओरे' म्हणते आणि मित्र समाधानाने मान डोलावितात. चार शब्द, चारही 'मी', आणि त्यांत एका मुलीची सारी त्रेधा. इंग्रजीत 'मी' एकच असल्यामुळे तळाची ओळ येथे लंगडी पडते, आणि चाहता दृश्यावरून हसतो, शब्दांवरून नव्हे.

मराठीतही 'मी' एकच आहे, हे खरे. पण मराठी क्रियापदास लिंग आहे. ताकीच्या तोंडून 'मी वाट चुकले' असे निघावे, मित्रांनी चमकून पाहावे, तिने सावरून 'चुकलो' म्हणावे. जपानी प्रसंगाचा जीव जसाच्या तसा राहतो. इंग्रजीस जे साधत नाही ते मराठीस एका मात्रेने साधते. मात्र कोल्हापुरात या युक्तीलाही अडचण आहे! इकडच्या मुली 'मी आलो', 'मी जातो' असे सर्रास म्हणतात, आणि पुण्यास शिकावयास गेल्या म्हणजे त्यावरून त्यांची थट्टा होते. कोल्हापूरची मित्सुहा पहिल्याच शब्दाला 'चुकलो' म्हणून सुटून जाईल. पण चित्रपटाने पुढे तिच्यासाठी दुसरा सापळा मांडलाच आहे. टोकियो रोजची जत्रा वाटते असे ती आनंदाने सांगू लागते तेव्हा तिच्या वाक्याला गावाकडचा हेल येतो, आणि मित्र विचारतात, तुझ्या बोलण्यात हा हेल कुठला? आमच्या किती मुलामुलींस फर्ग्युसन रस्त्यावर हा प्रश्न ऐकावा लागला असेल! हा प्रसंग कोल्हापूरच्या प्रेक्षकास न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाहून अधिक लागावा. पण तो त्यापर्यंत पोहोचतो न्यूयॉर्कच्या प्रेक्षकासाठी लिहिलेल्या ओळींतून. येथे आमची तक्रार इंग्रजी भाषांतरकाराविरुद्ध नाही. त्याने आपल्या वाचकांसाठी काम केले. आमच्यासाठी ते काम कोणी करावे, हा प्रश्न आहे.

नावामागच्या प्रत्ययांचेही हेच होते. 'सान' हा आमच्या 'राव' आणि 'बाई' यांच्या जागी, 'चान' लाडका, 'कुन' बरोबरीच्या किंवा धाकट्या मुलासाठी, 'सामा' फार मोठ्या माणसासाठी. प्रेमकथेत नायिका एके दिवशी हा प्रत्यय गाळून नायकास नुसत्या नावाने हाक मारते, आणि नायक जागच्या जागी थिजतो. तळाची ओळ पुष्कळदा प्रत्यय आधीपासूनच गाळून बसलेली असते. मग तिच्या वाचकास नायक का थिजला हे कसे कळावे? 'अहो' वरून 'अरे' वर येण्यास किती दिवस लागतात, हे मराठी घरात कोणास सांगावे लागते? तसाच 'वन पीस'मधला 'नाकामा'. या एका शब्दावरून चाहत्यांत कडाक्याचे वाद होतात. इंग्रजीतील मित्र, सोबती, खलाशी यांपैकी काहीच त्यांस पुरे पडत नाही. ज्या गावात पेठेपेठेस तालीम आहे आणि तालमीच्या गड्यासाठी रात्री-अपरात्री माणसे घराबाहेर पडतात, त्या गावाने हा शब्द अडवून धरावा याचे आम्हांस हसू येते.

हा सारा विचार केवळ रसिकतेचा असता तर एवढा विस्तार केला नसता. पण चाहत्यांपैकी काही जण आता परीक्षेकडे वळले आहेत. जपानी भाषेची जी प्रमाणित परीक्षा पुणे-मुंबईस होते तिच्या पाच पायऱ्या आहेत, सर्वांत खालची एन-५ व वरची एन-१. तिच्यात शब्द, व्याकरण, वाचन व श्रवण तपासतात. बोलणे तपासत नाहीत. श्रवणाच्या पत्रिकेत अ‍ॅनिमे पाहणारा हटकून पुढे असतो, कारण वेगाने चाललेले बोलणे त्याच्या कानाला परके नसते. ही त्या छंदाची खरी कमाई आहे आणि ती घरच्या मंडळींनी नाकारू नये. परंतु वर्गात पहिल्या दिवसापासून 'ताबेमास' असे सभ्य रूप शिकवितात आणि याच्या कानात 'ताबेरु' किंवा त्याहून ओबडधोबड रूप पक्के झालेले असते. ती गाठ परीक्षेत सुटत नाही, कारण परीक्षा त्याचे तोंड उघडीतच नाही. ती पुढे सुटते, किंवा अडते. २०२१ च्या जानेवारीत भारत व जपान यांच्यात कुशल कामगारांसंबंधी करार झाला. त्यातील क्षेत्रांत वृद्धांची शुश्रूषा हे एक आहे. ऐंशी वर्षांच्या आजीबाईंस सकाळी उठविताना, जेवू घालताना, औषध देताना जे शब्द लागतात ते समुद्री चाच्यांच्या व तलवारबाजांच्या कथांतून मिळणारे नाहीत. शुश्रूषेस गेलेल्या मुलाने त्या आजीबाईंस चुकून 'ओमाए' म्हटले तर त्याचे हेतू कितीही चांगले असोत, त्या दिवशी त्या घरात त्याच्याविषयी जे मत बनेल ते पुसण्यास फार दिवस लागतील.

म्हणून या मुलांस आमची एकच विनंती आहे. वहीत जपानी शब्दासमोर इंग्रजी अर्थ लिहिण्याच्या जागी मराठी लिहून पाहावा. आणि नुसता अर्थ न लिहिता, हा शब्द आपल्या घरात कोण, कोणास, केव्हा म्हणेल ते लिहावे. 'ओरे' समोर नुसते 'मी' लिहून भागणार नाही. 'तालमीत, गड्यांपाशी' असे लिहावे लागेल. 'शिकाता गा नाई' समोर इंग्रजीचे लांबलचक वाक्य लिहिण्यापेक्षा 'इलाज नाही' हे दोन शब्द पुरतात. असे पन्नास शब्द लिहिताच कोणता शब्द दिवाणखान्यातला, कोणता कट्ट्यावरचा आणि कोणता फक्त पडद्यावरचा, हे आपोआप वेगळे होऊ लागेल. घरातील आजी-आजोबांची या कामी मदत घेता येईल. जुन्या सभ्यतेचे जे शब्द मुलांस येत नाहीत ते त्यांच्यापाशी आहेत, आणि त्यांसही या 'कार्टून'मध्ये काय आहे ते त्यानिमित्ताने कळेल.

सर्वच शब्दांस मराठी जोडीदार मिळतो असे मात्र समजू नये. 'नात्सुकाशी' म्हणून एक विशेषण आहे. पुष्कळ वर्षांनी शाळेच्या जुन्या इमारतीपुढे उभे राहावे, किंवा बालपणीच्या एखाद्या पदार्थाचा वास यावा, आणि मन भरून येऊन थोडे दुखावे व थोडे सुखावे. त्या वेळी जपानी मनुष्य हा एकच शब्द उच्चारून गप्प होतो. तो शब्द त्या इमारतीस लागतो, वासासही लागतो. 'जुनी आठवण आली' यात तो बसत नाही, कारण आठवण आपल्याकडे येते आणि हे विशेषण वस्तूस चिकटते. 'हळवे' म्हणावे तर हळवा मनुष्य असतो, इमारत नसते. आम्ही चारसहा दिवस शोध केला, दोन जाणत्या मित्रांस विचारले. एकाने 'सयीचे' असा शब्द सुचविला, पण दुसऱ्यास तो पटला नाही.